इम्प्लांट टायटॅनियमचं की झिरकोनियाचं? कोटेशन समोर ठेवून कसं ठरवायचं

मी डेंटल लॅबमध्ये कॅप बनवते. पेशंट आमच्याकडे येत नाहीत, येतात ती त्यांच्या जबड्याची मापं, झिपलॉकच्या पिशवीत, सोबत डॉक्टरांची स्लिप. तरी नात्यातलं किंवा सोसायटीतलं कुणी गेलेल्या दाताच्या जागी इम्प्लांट करायला निघालं की फोन मलाच येतो आणि प्रश्नही ठरलेला, अगं डॉक्टर झिरकोनिया सांगतायत, टायटॅनियमपेक्षा भारी असतं ना ते? मग मी उलटं विचारते, कुठलं झिरकोनिया, हाडात जाणारं की वर दिसणारं? तिथे शांतता. (टायटॅनियम हा धातू, झिरकोनिया हे पांढरं सिरॅमिक.) म्हणून हे सगळं एकदाच लिहून ठेवतेय, आता लिंक पाठवली की काम झालं.

आधी कोटेशनचे तीन तुकडे करा

इम्प्लांट म्हणजे एक वस्तू नसते, तीन असतात. हाडात जातो तो स्क्रू, त्याला डॉक्टर फिक्स्चर म्हणतात. त्याच्यावर हिरडीतनं वर येणारा जोड, ते अबटमेंट. आणि त्याच्यावर दात म्हणून दिसते ती कॅप. या तिघांचं मटेरियल वेगवेगळं असू शकतं आणि बहुतेक वेळा असतंच. आपल्याकडे नव्वद टक्के गोंधळ इथेच होतो, कारण कोटेशनवर 'झिरकोनिया इम्प्लांट' असं मोघम लिहिलेलं असतं आणि प्रत्यक्षात स्क्रू टायटॅनियमचा आणि फक्त कॅप झिरकोनियाची असते. यात फसवणूक आहेच असं नाही, उलट ते कॉम्बिनेशन बहुतेकांसाठी चांगलंच आहे, पण आपण पैसे कशाचे देतोय ते कळायला नको का?

तर कागद घ्या, तीन ओळी पाडा, स्क्रू, अबटमेंट, कॅप, आणि डॉक्टरांना प्रत्येकापुढे मटेरियल आणि कंपनी लिहून द्यायला सांगा. चांगला डॉक्टर दोन मिनिटांत लिहून देतो. टाळाटाळ झाली तर दुसरं कोटेशन काढा, दाताशिवाय महिना काढता येतो.

हाडातला स्क्रू: टायटॅनियम

टायटॅनियम हाडाला चिकटतं हे कळलं ते जवळपास योगायोगानेच. स्वीडनमध्ये ब्रोनेमार्क नावाचे डॉक्टर १९५२ च्या सुमारास सशाच्या हाडातला रक्तपुरवठा बघत होते, त्यासाठी वापरलेली टायटॅनियमची नळी काम झाल्यावर काढायला गेले तर निघेना, हाड तिला घट्ट धरून बसलं होतं. १९६५ मध्ये त्यांनी यॉस्टा लार्सन या पेशंटला पहिली इम्प्लांट बसवली आणि तो माणूस २००६ मध्ये वारला तोपर्यंत ती त्याच्या तोंडात काम करत होती. चाळीस वर्षं. टायटॅनियमच्या बाजूने सगळ्यात मोठं वजन हेच आहे, इतक्या लांबचा हिशोब दुसऱ्या कुठल्याच मटेरियलकडे नाही.

हे का होतं तर टायटॅनियमला हवा लागली की लगेच त्याच्यावर ऑक्साइडचा थर बसतो, काही नॅनोमीटरचाच, पण शरीराला धातू दिसतच नाही, दिसतो तो हा थर. ओरखडा पडला तर परत बसतो. हाडाच्या पेशी त्याला परकं मानत नाहीत.

आता ग्रेडचं प्रकरण. यूट्यूब बघून लोक ग्रेड ४ की ग्रेड ५ विचारायला लागलेत, म्हणून सांगते. ग्रेड १ ते ४ म्हणजे शुद्ध टायटॅनियम, त्यात ऑक्सिजन आणि लोह किती यावरून नंबर, नंबर वाढला की ताकद वाढते. इम्प्लांटला ग्रेड ४ वापरतात, ओढून तुटायची ताकद किमान ५५० मेगापास्कल. ग्रेड ५ म्हणजे मिश्रधातू, ६ टक्के ॲल्युमिनियम, ४ टक्के व्हॅनेडियम, ताकद साडेआठशेच्या वर. ग्रेड २३ म्हणजे तोच मिश्रधातू, फक्त जास्त स्वच्छ केलेला, शरीरात घालायला जास्त करून हाच वापरतात. नोबेल बायोकेअर थंड अवस्थेत ताण देऊन कडक केलेलं ग्रेड ४ वापरतं, बऱ्याच इस्रायली कंपन्या मिश्रधातू वापरतात, दोन्हीकडची इम्प्लांट वर्षानुवर्षं चाललेली आहेत. व्हॅनेडियमचं नाव ऐकून घाबरण्यात अर्थ नाही आणि नुसत्या ग्रेडसाठी पाच-दहा हजार जास्त मोजण्यातही नाही.

फरक पडतो तो स्क्रू बारीक असेल तेव्हा. वरच्या पुढच्या दोन दातांच्या बाजूचा जो छोटा दात असतो ना, तिथे जागाच कमी, किंवा दात काढून वर्षं झाली आणि हाड झिजून पातळ झालंय, तिथे ४ मिलिमीटरचा स्क्रू मावत नाही, ३.३ किंवा त्याहून बारीक लागतो. बारीक स्क्रूमध्ये शुद्ध टायटॅनियमची भिंत फार पातळ होते, मग मिश्रधातू घेतलेला बरा. श्ट्राउमान या स्विस कंपनीचं रॉक्सोलिड यासाठीच आलं, टायटॅनियममध्ये साधारण १५ टक्के झिरकोनियम. हे झिरकोनियम धातू आहे हां, झिरकोनिया सिरॅमिक नाही, आमच्याकडे येणाऱ्या स्लिपांवर सुद्धा हा घोळ दिसतो.

ग्रेडपेक्षा मी स्क्रूच्या पृष्ठभागाबद्दल जास्त विचारेन. सुरुवातीच्या काळात स्क्रू मशीनवर कातलेले गुळगुळीत असायचे, हाड धरायला कित्येक महिने थांबायला लागायचं. आता वाळूसारख्या कणांचा मारा करून मग ॲसिडमध्ये बुडवून तो खरखरीत करतात, या पद्धतीला एसएलए म्हणतात. काही कंपन्या त्यापुढे जाऊन तो पाणी ओढून घेणारा करतात, त्याला हाड लवकर धरतं, सहा-आठ आठवड्यांचं काम तीन-चार आठवड्यांवर येतं असा त्यांचा दावा. डायबेटिस असेल, हाड भुसभुशीत असेल तर इथे दोन पैसे जास्त घालायला माझी ना नाही. तरुण निरोगी माणसाने दोन-तीन महिने थांबावं, पैसे वाचवावेत. पूर्वी हायड्रॉक्सीॲपेटाइटचा लेप दिलेले स्क्रूही चालायचे, हाडातच असतं ते द्रव्य, पण जाड लेप धातूपासून सुटायच्या तक्रारी आल्या आणि त्यांची क्रेझ ओसरली.

हाडातला स्क्रू: झिरकोनिया

सिरॅमिकचा स्क्रू ही कल्पना नवी नाही. साठ-सत्तरच्या दशकात युरोपात ॲल्युमिना सिरॅमिकचे इम्प्लांट आले होते, दिसायला छान, पण तुटायचे. मग झिरकोनिया आलं, त्यात थोडं यिट्रियम ऑक्साइड घातलं की ते बरंच चिवट होतं, चीर पुढे सरकायला लागली की चिरेच्या टोकापाशी त्याचे कण फुगतात आणि चीर दाबून धरतात. पदार्थ म्हणून भन्नाट आहे, आम्ही रोज हाताळतो तरी कौतुक वाटतं.

फायदे खरे आहेत. रंग पांढरा, त्यामुळे हिरडी पातळ असेल तर आतून करडी सावली दिसत नाही. त्याच्यावर किटण कमी धरतं. आणि ज्यांना तोंडात धातू नकोच आहे त्यांना पर्याय मिळतो.

आता दुसरी बाजू. झिरकोनिया वाकत नाही. हाडाच्या बाहेरच्या कडक थराचा ताठपणा साधारण १० ते २० गिगापास्कल, टायटॅनियमचा शंभर-एकशे दहा, झिरकोनियाचा दोनशेच्या आसपास. टायटॅनियमवर प्रमाणाबाहेर जोर आला तर तो आधी थोडा वाकतो, किंवा अबटमेंट धरून ठेवणारा आतला छोटा स्क्रू ढिला होतो, म्हणजे काहीतरी बिघडलंय याची खूण मिळते. झिरकोनिया खूण देत नाही, तुटतं ते एकदम. आणि तुटलेला तुकडा हाडातून काढायचा म्हणजे भोवतीचं हाडही जातं.

शिवाय झिरकोनियाची बरीच इम्प्लांट अखंड असतात, स्क्रू आणि अबटमेंट एकच. म्हणजे सर्जरीनंतर त्याचं डोकं हिरडीच्या बाहेर, तोंडात उघडं राहतं आणि हाड धरेपर्यंत जीभ, घास, सगळ्याचा जोर त्याच्यावर. तिरकं बसलं तर वरून वळणदार अबटमेंट लावून सरळ करायची सोय नाही, आणि घासून आकार द्यायला गेलं तर गरम होऊन बारीक चिरा पडायची भीती. दोन तुकड्यांची झिरकोनिया इम्प्लांटही आता मिळतात, ती या बाबतीत बरी, पण त्यांचा अनुभव अजून टायटॅनियमइतका जुना नाही. त्यामुळे मटेरियल निवडायच्या आधी डॉक्टर निवडा, ज्याने सिरॅमिकचे स्क्रू नेहमी बसवलेत असा. महिन्याला एखादं करणाऱ्याकडे हा प्रयोग नको.

ॲलर्जीचं विचाराल तर टायटॅनियमची ॲलर्जी असते, पण विरळा. स्पेनमध्ये १५०० इम्प्लांट पेशंटांचा अभ्यास झाला होता, २००८ मध्ये छापून आलं, त्यात ९ जणांना निघाली, म्हणजे ०.६ टक्के. खोट्या दागिन्यांनी कानाला खाज येते ती बहुतेक निकेलची असते, त्यावरून टायटॅनियम नको असं ठरवू नका. आधी कुठल्या धातूच्या प्लेटने किंवा इम्प्लांटने त्रास झालेला असेल तर मात्र त्वचारोगतज्ज्ञांना दाखवून घ्या.

मधला जोड, ज्याच्याबद्दल कुणी विचारत नाही

अबटमेंट हा सगळ्यात दुर्लक्षित तुकडा आणि खरं तर दिसण्याचा अर्धा प्रश्न इथेच सुटतो. मागच्या दाढेला टायटॅनियमचं अबटमेंट घ्या आणि विसरून जा. पुढच्या दाताला, हिरडी पातळ असेल तर, खाली टायटॅनियम बेस आणि त्याच्यावर झिरकोनिया असं हायब्रिड घ्या. आम्ही लॅबमध्ये हे रोज करतो, साधारण नखाएवढा सोनेरी किंवा करडा बेस असतो, तो झिरकोनियाच्या आत खास सिमेंटने चिकटवतो, म्हणजे स्क्रूला टेकतो तो धातू आणि हिरडीला लागतं ते पांढरं. झिरकोनियाचा स्क्रू न घेताही करडी सावली बरीचशी जाते, ते असं.

पूर्ण झिरकोनियाचं अबटमेंट थेट टायटॅनियमच्या स्क्रूत बसवणं मला आवडत नाही. दोन्ही मटेरियल एकमेकांवर घासतात आणि झिजतं ते मऊ असलेलं, म्हणजे हाडातलं टायटॅनियम. अबटमेंट बदलता येतं, स्क्रू नाही.

अजून एक, अबटमेंट ओरिजिनल आहे की कॉपी ते विचारा. स्क्रू नामांकित कंपनीचा आणि अबटमेंट कुठल्यातरी तिसऱ्या कंपनीचं 'सेम टू सेम', असं सर्रास चालतं, कारण ते बरंच स्वस्त पडतं. काही कॉपी चांगल्या असतात, पण सांधा जरा जरी सैल असला तरी आतला छोटा स्क्रू सारखा ढिला होतो आणि फटीत बॅक्टेरिया घर करतात. मायक्रोस्कोपखाली अबटमेंट ॲनालॉगवर, म्हणजे स्क्रूच्या लॅबमधल्या नकलेवर, बसवून बघितलं की काही ठिकाणी कड चक्क वर राहिलेली दिसते. पेशंटला बिलात फक्त स्क्रूच्या कंपनीचं नाव दिसतं.

पीक (PEEK) नावाचं एक पांढरट-मातकट प्लॅस्टिकही ऐकाल. तात्पुरतं अबटमेंट किंवा हीलिंग कॅप (हिरडी भरून येईपर्यंतचं झाकण) म्हणून उत्तम. कायमचा हाडातला स्क्रू म्हणून कुणी देत असेल तर नको म्हणा.

कॅप

इथे मी जास्त बोलणार, माझा विषय आहे. झिरकोनियाची कॅप ९८ मिलिमीटरच्या गोल डिस्कमधून मशीन कोरून काढतं. तेव्हा ती डिस्क खडूसारखी असते, हाताला पांढरी भुकटी लागते, आणि दात पाहिजे त्याहून वीस-पंचवीस टक्के मोठा कोरायचा, कारण मग भट्टीत दीड हजार डिग्रीच्या आसपास भाजला की तो तेवढा आकसतो आणि इतका कडक होतो की डायमंडच्या बरशिवाय (घासायच्या फिरत्या टोकाशिवाय) हात लावायची सोय नाही. दाढेसाठी अशी अखंड झिरकोनिया घ्या, वर पोर्सेलिनचा थर नको. कारण आपला खरा दात हाडात एका बारीक लवचीक पडद्यात टांगलेला असतो, जोर आला की किंचित दबतो आणि लगेच कळतं. इम्प्लांटला तो पडदाच नाही, त्यामुळे ऊस सोलताना, सुपारी फोडताना, मटणाचं हाड चावताना किती जोर लागतोय ते जाणवत नाही आणि वरचा पोर्सेलिनचा टवका उडतो.

आपल्याकडे अजून खूप ठिकाणी आतून धातू आणि वरून पोर्सेलिन असलेली कॅप देतात, लोक तिला नुसतं सिरॅमिक कॅप म्हणतात, आतला धातू बहुतेक कोबाल्ट-क्रोम किंवा निकेल-क्रोम. स्वस्त आहे, चालते. पण निकेलची ॲलर्जी असेल तर तसं आधी सांगा, आणि टवका उडू शकतो हे मनाशी धरून घ्या. पुढच्या दाताला जरा जास्त पारदर्शक झिरकोनिया किंवा लिथियम डायसिलिकेट नावाचं काचेसारखं सिरॅमिक छान दिसतं. पारदर्शकता वाढली की झिरकोनियाची ताकद बरीच उतरते, त्यामुळे 'सगळ्यात सुंदर वाली द्या' ही मागणी दाढेसाठी करायची नाही.

जमेल तिथे कॅप सिमेंटने चिकटवण्यापेक्षा आतल्या छोट्या स्क्रूने बसवलेली मागा. सिमेंटचा कण हिरडीखाली राहिला तर सूज, पू, पुढे हाड झिजणं. आणि काही झालं तर स्क्रूची कॅप न तोडता निघते.

मग माझ्यासाठी काय?

मागची एखाद-दुसरी दाढ: टायटॅनियम स्क्रू, टायटॅनियम अबटमेंट, अखंड झिरकोनिया कॅप. डोळे झाकून.

वरचा पुढचा दात, हसताना हिरडी दिसते, हिरडी पातळ: टायटॅनियम स्क्रू, टायटॅनियम बेसवर झिरकोनिया. झिरकोनियाचा स्क्रू इथेच विचारात घ्यावा, तोही हाड भरपूर असेल, चावणं हलकं असेल आणि डॉक्टर सरावाचा असेल तर.

रात्री दात खाणारे: झिरकोनियाचा स्क्रू नकोच, आणि कशाचंही इम्प्लांट असलं तरी नाइट गार्ड (झोपताना दातांवर घालायचं कव्हर) घ्या.

पूर्ण जबडा: टायटॅनियम. इथे 'तीन दिवसांत फिक्स दात' अशा जाहिराती तुम्हाला फेसबुकवर, हायवेच्या होर्डिंगवर दिसतील. ती बहुतेक बेसल इम्प्लांट असतात, टायटॅनियम मिश्रधातूची, एका तुकड्याची, खोल कडक हाडात रोवलेली. हाड अगदीच नसलेल्यांना त्यांचा उपयोग होतो, पण एकदा बसवली की वरच्या दातांचा सगळा पूल (ब्रिज) एकमेकांशी बांधलेला असतो, एक बिघडलं तर दुरुस्ती अवघड. ज्याला साधी इम्प्लांट बसू शकतात त्याने आधी सीबीसीटी स्कॅन (जबड्याचा थ्रीडी एक्स-रे) करून दुसरं मत घ्यावं. दातांची घाई बहुतेक लग्नसराईमुळे असते, मला फोन येतात त्यावरून सांगते.

तंबाखू, मिश्री, सिगारेट चालू असेल किंवा शुगर वर असेल तर मटेरियलची चर्चाच नंतरची. ती सवय आणि ते एचबीए१सी (मागच्या तीनेक महिन्यांच्या शुगरचा आकडा) आधी आटोक्यात आणा, नाहीतर दोन्ही मटेरियल सारखीच फेल जातात.

पैसे आणि कागद

पुण्या-मुंबईत एका दाताचं, कॅप धरून, कोटेशन साधारण २५-३० हजारांपासून ७०-८० हजारांपर्यंत येतं, सिरॅमिक स्क्रू असेल तर अजून वर. कोरियन कंपन्या मधल्या भावात, स्विस आणि स्वीडिश महाग. माझ्या मते ऑस्टेमसारखं मधल्या भावातलं नामांकित टायटॅनियम आणि चांगली कॅप हे, महाग स्क्रू आणि कॉपी अबटमेंटपेक्षा कधीही बरं. बजेट फारच तंग असेल तर मुंबईत सीएसएमटीजवळचं सरकारी डेंटल कॉलेज किंवा मुंबई सेंट्रलचं नायर डेंटल, नागपुरात सरकारी डेंटल कॉलेज, इथे चौकशी करा, वेळ जातो पण खर्चात फरक पडतो.

'लाइफटाइम वॉरंटी' ऐकली की विचारा कशाची. कंपनीची वॉरंटी जास्त करून स्क्रूच्या बदल्यात नवीन स्क्रू इतकीच असते, परत सर्जरी, हाडाचं ग्राफ्ट (हाड भरणं), नवीन कॅप, हे तुमच्या खिशातून.

एमआरआयची काळजी नको, टायटॅनियमला चुंबक ओढत नाही, फक्त आजूबाजूचा फोटो थोडा बिघडतो, तेवढं टेक्निशियनला सांगून ठेवा. दात साफ करायला जाल तेव्हाही इम्प्लांट आहे हे आधी सांगा, स्टीलच्या हत्याराने टायटॅनियमवर ओरखडे पडतात, त्यासाठी वेगळी हत्यारं असतात. घरी इंटरडेंटल ब्रश किंवा वॉटर फ्लॉसर, रोज.

आणि स्टिकर. प्रत्येक खऱ्या इम्प्लांटच्या डबीत सोलून काढायचे स्टिकर असतात, त्यावर कंपनी, मॉडेल, व्यास, लांबी, लॉट नंबर, एक्सपायरी. भारतात मेडिकल डिव्हायसेस रूल्स, २०१७ खाली इम्प्लांट येतात, त्यामुळे लेबल नसलेला स्क्रू ही गोष्टच असू शकत नाही. सर्जरीच्या दिवशी एक स्टिकर तुमच्या फाइलवर चिकटवून मागा आणि मोबाइलमध्ये फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाका. हे मी एवढं का सांगतेय तर आमच्याकडे दर थोड्या दिवसांनी अशी केस येते, दुसऱ्या गावात बसवलेलं इम्प्लांट, कॅप हलतेय, आधीचा दवाखाना बंद झालाय आणि कंपनी कुठली ते कुणालाच माहीत नाही, मग एक्स-रेवर आट्यांचा आकार बघून अंदाज बांधत बसायचं, कारण प्रत्येक कंपनीचा ड्रायव्हर वेगळा आणि चुकीचा घातला तर आतला स्क्रूच खराब होतो. अमेरिका-कॅनडाहून सुट्टीत येऊन इथे काम उरकणाऱ्यांनी तर आधी तिकडच्या डेंटिस्टला विचारून त्याच्याकडे ज्या कंपनीचं सामान आहे तीच इथे मागावी, आणि अबटमेंटच्या छोट्या स्क्रूचा नंबर सुद्धा लिहून न्यावा.